व्हीएमला नेट नाही? आधी विचारा, कुणाकडून कुणाकडं

परवा दुपारी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावहून फोन आला. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं शिकून गेलेला एक पोरगा तिथल्या मशीनशॉपमध्ये 'कॉम्प्युटरचं काय असेल ते' बघतो. "सर, व्हीएमला नेट न्हाई ओ. सकाळधरनं तिसऱ्यांदा टाकली. आता काय करू सांगा की."

तिसऱ्यांदा टाकली म्हणजे आख्खी व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, पुसून तिच्यावर उबुंटू ही लिनक्सची एक जात पुन्हा पहिल्यापासून चढवली. मी म्हटलं, "अरे, नेट नाही म्हणजे नेमकं कुणाला नाही? व्हीएमच्या आतून अपडेट चालवून बघ बरं." दोन मिनिटं नुसता कीबोर्डचा आवाज. मग म्हणाला, "अपडेट होतंय की."

"मग नाही काय?"

"शॉपमधल्या दुसऱ्या पीसीवरनं व्हीएम दिसत न्हाई."

म्हणजे नेट होतं. बाहेरून आत येणारी वाट नव्हती. आणि ती वाट त्यानं कधी उघडलीच नव्हती, त्यामुळं उबुंटू तीस वेळा चढवलं असतं तरी ती आपोआप उघडणार नव्हती.

'नेट नाही' या दोन शब्दांच्या आड चार निरनिराळी दुखणी लपलेली असतात. व्हीएममधून बाहेर इंटरनेटवर जाता येत नाही, हे एक. ज्या संगणकावर व्हीएम चालते त्याच संगणकावरून तिच्याकडं जाता येत नाही, हे दुसरं. ऑफिसातल्या तिसऱ्याच संगणकावरून ती सापडत नाही, हे तिसरं. आणि शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन व्हीएम एकमेकींना ओळखत नाहीत, हे चौथं. प्रत्येकाचं औषध वेगळं. आणि बऱ्याचदा काही बिघडलेलंच नसतं. आपण जे मागतोय ते त्या जोडणीत मुळात मिळतच नाही, एवढीच गोष्ट असते.

वाडा, मालक आणि पोटभाडेकरू

व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. बाहेरच्याला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट. गेस्टला वाटत असतं की आपल्याला स्वतःची डिस्क आहे, स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे. ते कार्ड म्हणजे सॉफ्टवेअरनं घेतलेलं सोंग. त्या सोंगाच्या कार्डातून निघणारी वायर कुठं खोचायची, हे व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, हायपर-व्ही किंवा केव्हीएम यांपैकी व्हीएम चालवणारं जे सॉफ्टवेअर वापरताय ते ठरवतं. सेटिंगमध्ये नॅट, ब्रिज्ड, होस्ट-ओन्ली असे जे शब्द दिसतात ते या वायरीच्या दुसऱ्या टोकाबद्दल आहेत.

शुक्रवार पेठेतला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दारावर नंबर एकच, मालकाच्या नावाचा. माडीवर एक कॉलेजचा पोरगा पोटभाडेकरू. तो गावाकडं पत्र पाठवतो तेव्हा पाकिटावर मालकाचा पत्ता असतो, आणि उत्तर येतं ते 'द्वारा' मालकाचं नाव लिहून. पोरानं कुणाला पत्र टाकलंय हे मालकाच्या लक्षात असतं, म्हणून उत्तर आलं की तो ते माडीवर देतो. पण पोरानं कधी पत्रच लिहिलेलं नाही अशा कुणी आपणहून त्याच्या नावानं पाकीट धाडलं तर? मालक दारातूनच सांगतो, "असं कोण इथं ऱ्हात न्हाई."

हे नॅट. आतून बाहेर जाणं सोपं, बाहेरून आपणहून आत येणं बंद. नवी व्हीएम बनवली की व्हर्च्युअलबॉक्स हाच प्रकार लावून देतो. फक्त इंटरनेट हवं असेल तर याच्याइतकं बिनकटकटीचं दुसरं काही नाही. बाहेरून एखादाच दरवाजा उघडा हवा असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग करायचं, म्हणजे मालकाला आधीच सांगून ठेवायचं की २२२२ नंबरचं पाकीट आलं की ते माडीवर २२ नंबरच्या खोलीत द्या.

ब्रिज्ड म्हणजे त्याच वाड्याच्या भिंतीला पाडलेलं स्वतंत्र दार, थेट गल्लीत उघडणारं. त्यावर महापालिकेचा वेगळा नंबर. गल्लीतला कुणीही मालकाला न विचारता थेट तिथं जाऊ शकतो. इथं नंबर देणारी महापालिका म्हणजे ऑफिसातला राउटर. तो जसा तुमच्या पीसीला आणि मोबाइलला पत्ता देतो, तसाच व्हीएमलाही देतो.

होस्ट-ओन्ली म्हणजे मालकाच्या आणि भाडेकरूच्या खोलीमधलं आतलं दार. दोघं एकमेकांकडं जाऊ शकतात, रस्त्यावर जायला तिथून वाट नाही. इंटर्नल म्हणजे फक्त भाडेकरूंच्या खोल्यांना जोडणारं दार, तिथं मालकालाही मज्जाव. हायपर-व्हीमध्ये नावं जरा फिरवलेली आहेत. त्यांचं 'एक्स्टर्नल' म्हणजे आपलं ब्रिज्ड, त्यांचं 'इंटर्नल' म्हणजे जवळजवळ होस्ट-ओन्ली, आणि मालकालाही बाहेर ठेवणारं ते 'प्रायव्हेट'. व्हर्च्युअलबॉक्सवर शिकलेला माणूस हायपर-व्हीवर गेला की 'इंटर्नल' या एका शब्दापायी त्याची संध्याकाळ जाते.

अजून एक गोम आहे, आणि शिकवण्यांच्या व्हिडिओंमध्ये ती क्वचितच कुणी सांगतं. सगळ्यांचं नॅट सारखं नसतं. व्हर्च्युअलबॉक्सचं साधं नॅट प्रत्येक व्हीएमला तिचा स्वतःचा, खासगी, काल्पनिक राउटर देतं. त्यामुळं तुम्ही पाच व्हीएम चालवल्या तर पाचही जणी सांगतात, माझा पत्ता १०.०.२.१५. त्या एकमेकींना दिसत नाहीत यात नवल काय? प्रत्येकीचा वाडाच वेगळा आहे. त्यांना एकमेकींशी बोलायचं असेल तर 'नॅट नेटवर्क' नावाचा निराळा पर्याय निवडावा लागतो. व्हीएमवेअरच्या नॅटमध्ये मात्र सगळ्या व्हीएम एकाच काल्पनिक स्विचवर, म्हणजे संगणकांच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्यावर, बसतात. त्याचं नाव व्हीएमनेट८. तिथं त्या एकमेकींना दिसतात आणि होस्टलाही दिसतात. तेव्हा 'नॅटवर माझं तर चालतंय की' असं कुणी म्हणालं तर तो काय वापरतो ते आधी विचारा.

पत्ताच सगळं सांगतो

वैद्य आधी नाडी बघतो तसं मी आधी आयपी पत्ता विचारतो. विंडोज गेस्ट असेल तर कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग (ipconfig), लिनक्स असेल तर आयपी ए (ip a) ही आज्ञा. जे चार आकडे येतील त्यांतून दुखण्याचं ठिकाण बहुतेक वेळा कळतं.

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा, या मशीननं पत्ता मागितला, कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून बिचारीनं स्वतःच एक घेतला. पत्ते वाटणाऱ्याला डीएचसीपी म्हणतात, आणि तो एक तर बंद आहे किंवा तिथवर वायरच पोचत नाही. अशा वेळी डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) बदलणं, ब्राउझर बदलणं, फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारा पहारा) बंद करणं हे सगळं फुकट. पुढं जायचंच नाही. व्हीएमच्या सेटिंगमध्ये जाऊन 'केबल कनेक्टेड' या चौकटीत टिक आहे का ते बघायचं. हसू नका, मी स्वतः या टिकेपायी एक अख्खी दुपार घालवली आहे. ती काढली की गेस्टच्या लेखी कार्डातून वायर उपटलेली असते. व्हीएमवेअरवर असाल तर होस्ट विंडोजमधल्या सर्व्हिसेसच्या यादीत त्याची डीएचसीपी आणि नॅट अशा दोन सेवा चालू आहेत का ते बघा. संगणक 'हलका' करण्याच्या नादात कुणी तरी त्या बंद करून ठेवलेल्या असतात.

१०.०.२.१५ म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सचं नॅट. तिथं गेटवे, म्हणजे बाहेर पडायचं दार, १०.०.२.२ असतो. १९२.१६८.५६ असेल तर व्हर्च्युअलबॉक्सचं होस्ट-ओन्ली, आणि तिथून इंटरनेट मिळणार नाही, मिळायला नकोच आहे. १९२.१६८.१२२ असेल तर लिनक्सवरच्या केव्हीएमचं नेहमीचं नॅट. व्हीएमवेअरच्या नॅटमध्ये होस्टचा शेवटचा आकडा १, गेटवेचा २ आणि गेस्टला मिळणारे १२८ च्या पुढचे. इथं एक चूक सारखी होते. घरच्या राउटरचा शेवटचा आकडा १ असतो या सवयीनं लोक गेटवेच्या जागी १ भरतात आणि मग व्हीएम होस्टशी बोलते, पण बाहेर जात नाही.

ब्रिज्डमध्ये गेस्टचा पत्ता होस्टच्या पत्त्याच्याच मालिकेतला हवा. होस्ट १९२.१६८.१.२० आणि गेस्ट १९२.१६८.१.३५, ठीक. होस्ट १९२.१६८.१ मध्ये आणि गेस्ट भलत्याच मालिकेत असेल तर ब्रिज चुकीच्या कार्डाला जोडला गेलाय. बऱ्याच लॅपटॉपना दोन खरी कार्डं असतात, एक केबलचं आणि एक वायफायचं. वर व्हीपीएनचं (दुरून कंपनीच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या बंदिस्त वाटेचं) तिसरं, दुसऱ्या एखाद्या व्हर्च्युअल सॉफ्टवेअरचं चौथं. 'आपोआप निवड' वर सोडलं की सॉफ्टवेअर कधी कधी त्यातलं मेलेलं कार्ड पकडतं. ब्रिज्ड निवडलं की खालच्या यादीतून कार्डाचं नाव स्वतः निवडा.

आतून बाहेर, एकेक पाऊल

नळाला पाणी आलं नाही की आपण पहिल्यांदा प्लंबरला बोलावत नाही. शेजारी विचारतो, "तुमच्याकडं आलंय का?" व्हीएमचा शेजारी म्हणजे होस्ट. होस्टवरच इंटरनेट नसेल तर व्हीएमला बोल लावण्यात अर्थ नाही. हे इतकं उघड आहे, तरी फोनवरच्या दहा मिनिटांनंतर 'थांबा, वायफायच गेलंय वाटतं' असं मी अनेकदा ऐकलंय.

होस्टला नेट आहे, गेस्टला पत्ताही बरोबर मिळालाय, तरी अडलंय. मग जवळच्यापासून लांबच्यापर्यंत हाक मारत जायचं. हाक मारणारा पिंग हा एक छोटासा प्रोग्रॅम. अमेरिकेत लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी तो १९८३ च्या डिसेंबरात लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं. आवाज सोडायचा, प्रतिध्वनी येतो का ऐकायचं.

पहिली हाक गेटवेला. तो ओ देत नसेल तर गडबड व्हीएम आणि होस्ट यांच्यामध्येच आहे. तो ओ देतो, मग दुसरी हाक बाहेरच्या एखाद्या पक्क्या पत्त्याला, लोक सहसा ८.८.८.८ वापरतात, तो गुगलचा डीएनएस. तिथून प्रतिध्वनी आला म्हणजे रस्ता थेट जगापर्यंत मोकळा आहे. तिसरी हाक नावाला, कुठल्याही साइटच्या. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर रस्ता ठीक आहे, पत्ता सांगणारा माणूस जागेवर नाही. डीएनएसचं काम नावावरून आकडा सांगणं एवढंच. होस्टवर कंपनीचं व्हीपीएन चालू केलं की हे हमखास होतं, कारण व्हीपीएन होस्टचा डीएनएस बदलतो आणि गेस्ट जुन्यालाच विचारत बसतो. व्हीएम एकदा नीट बंद करून सुरू केली तरी बऱ्याचदा भागतं.

पिंगवर मात्र आंधळा विश्वास टाकू नका. विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेल्या पिंगला सहसा उत्तर देत नाही, विशेषतः नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असेल तर. गेस्ट होस्टला पिंग करतो, उत्तर नाही, आणि माणूस तासभर ब्रिज बदलत बसतो. जोडणी शाबूत असते, दाराआडचा माणूस मुद्दाम गप्प असतो. उलट दिशेनं पिंग करून बघा. होस्टकडून लिनक्स गेस्टला सहसा उत्तर येतं. तसंच व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमधून ट्रेसरूट चालवून मधले टप्पे मोजायला जाऊ नका. त्या नॅटमध्ये साधा पिंग चालतो, पण अशा बाकीच्या तपासण्यांचे निकाल भरवशाचे नसतात.

चौथी हाक सेवेला. यंत्र सापडतं, पण वेबपान उघडत नाही किंवा डेटाबेस जोडत नाही. मग प्रश्न पोर्टचा असतो. गोकुळ शिरगावच्या पोराचा फोन शेवटी इथंच येऊन अडला, त्याकडं येतोच.

खासबागेचा पास आणि वायफाय

'कॉलेजच्या लॅबमध्ये ब्रिज्ड चालतं, घरी लॅपटॉपवर का नाही?' ही तक्रार सगळ्यांत जास्त वेळा येते आणि उत्तर ऐकून लोकांना पटत नाही. त्यामुळं जरा सविस्तर.

केबलवरच्या स्विचला एका तोंडातून दोन वेगवेगळी यंत्रं बोलली तरी फरक पडत नाही. प्रत्येक कार्डाला मॅक नावाचा जन्मजात पत्ता असतो. स्विच फक्त नोंद करतो की या तोंडापलीकडं हे दोन मॅक राहतात. वायफायचं तसं नाही. तिथं प्रत्येक यंत्र आधी अॅक्सेस पॉइंटकडं, म्हणजे वायफाय देणाऱ्या डब्याकडं, स्वतःच्या मॅकनं नाव नोंदवतं, पासवर्ड देतं, मग आत येतं. खासबाग मैदानात कुस्त्या बघायला पासावर एकट्याचं नाव घेऊन आलात आणि दारात म्हणालात, "ह्यो माझ्यासंगं हाय," तर दारवान काय म्हणेल? लॅपटॉपच्या पोटातली व्हीएम स्वतःचा मॅक घेऊन बोलायला गेली की अॅक्सेस पॉइंट तेच म्हणतो. हा कुणी नोंदवलेला नाही, याचं बोलणं टाकून द्या.

व्हर्च्युअलबॉक्स यावर एक युक्ती करतो. वायफायवर ब्रिज केला की बाहेर जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावरचा व्हीएमचा मॅक पुसून तो होस्टचा मॅक लिहितो, आणि परत येणारी पाकिटं आयपी पत्ता बघून वाटतो. बऱ्याच घरांत हे निभावतं. काही ठिकाणी मात्र राउटर म्हणतो, एकाच मॅकला दोन पत्ते कसे देऊ? आणि व्हीएम १६९.२५४ वर येऊन बसते. हॉस्टेलच्या किंवा ऑफिसच्या कडक वायफायवर तर आशाच नको. माझा सल्ला सरळ आहे. वायफायवर असाल तर ब्रिज्डच्या मागं लागू नका. नॅट ठेवा, होस्टशी बोलण्यासाठी होस्ट-ओन्लीचं दुसरं कार्ड जोडा. व्हीएमला दोन कार्डं देता येतात हेच अनेकांना ठाऊक नसतं. एका कार्डानं बाहेर जा, दुसऱ्यानं घरात बोला. फक्त होस्ट-ओन्ली कार्डावर गेटवे भरू नका, नाहीतर गेस्ट बाहेरची पाकिटं त्या आंधळ्या गल्लीत ढकलत बसेल.

केबल लावूनही ब्रिज्ड चालत नसेल, आणि ऑफिस जरा मोठं असेल, तर तिथल्या नेटवर्कवाल्याला विचारा. काही स्विचवर एका तोंडाला एकच मॅक अशी सक्ती केलेली असते. तो बिघाड नव्हे, तो नियम आहे, आणि चहा पाजून सुटणारा आहे.

जुळी भावंडं

एक व्हीएम नीट बसवली की लोक तिची नक्कल काढतात. क्लोन. काम वाचतं, पण नक्कल काढताना मॅकचीही नक्कल झाली तर गल्लीत एकाच नंबरची दोन घरं तयार होतात आणि पोस्टमन एकदा इथं, एकदा तिथं पाकीट टाकतो. लक्षण ओळखू येण्यासारखं असतं. दोन मिनिटं चालतं, दोन मिनिटं नाही. एक व्हीएम बंद केली की दुसरी ठणठणीत. व्हर्च्युअलबॉक्समध्ये क्लोन करताना सगळ्या कार्डांना नवे मॅक द्या, असा पर्याय असतो, तोच निवडा. व्हर्च्युअलबॉक्सचे मॅक ०८:००:२७ ने सुरू होतात, केव्हीएमचे ५२:५४:०० ने, हायपर-व्हीचे ००:१५:५डी ने. राउटरच्या यादीत अनोळखी यंत्र दिसलं तर ती कुणाची तरी व्हीएम आहे का, हे एवढ्यावरून कळतं.

उबुंटूची जुळी त्याहून चिवट. मॅक वेगळे केले तरी दोघींना राउटर एकच आयपी देतो. कारण १८.०४ पासूनचं उबुंटू सर्व्हर पत्ता मागताना मॅक न सांगता मशीन-आयडी नावाच्या खुणेवरून बनवलेली ओळख सांगतं, आणि ती खूण इटीसी फोल्डरमधल्या एका फाइलीत असते. डिस्कची नक्कल झाली की तीही सोबत आली. नकलेतली ती फाइल रिकामी करून मशीन पुन्हा सुरू केली की नवी खूण तयार होते. फाइल उडवू नका, फक्त रिकामी करा.

व्हीएम एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेली तरी असंच काहीसं होतं. व्हर्च्युअलबॉक्सवर कार्डाचं नाव ईएनपी०एस३ असतं, व्हीएमवेअरवर गेलं की ईएनएस३३. सेटिंगची फाइल जुन्याच नावाची वाट बघत बसते आणि नव्या कार्डाला कुणी पत्ताच मागायला लावत नाही.

पुरातला हिशेब

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात व्हीनस कॉर्नरच्या बाजूला एका व्यापाऱ्याचा हिशेबाचा संगणक पाण्यात गेला. डिस्क वाचली. मालकांचं म्हणणं, "सॉफ्टवेअर जुनं आहे, पण आमची सगळी खाती त्यात आहेत. तसंच्या तसं उभं करून द्या." तेव्हा डिस्कची प्रतिमा काढून ती नव्या संगणकावर व्हीएम म्हणून चालू केली. खाती दिसली, मालकांनी पेढे मागवले. मग लक्षात आलं की बाहेरच्या दोन काउंटरच्या संगणकांना ती सापडत नाही.

जुन्या संगणकाचा पत्ता हातानं लिहिलेला होता. तोच पत्ता नव्या काल्पनिक कार्डाला द्यायला गेलो तर विंडोज म्हणतं, हा पत्ता दुसऱ्या एका कार्डाला आधीच दिलाय. कुठल्या कार्डाला? समोर तर एकच दिसत होतं. दुसरं पुरात मेलं होतं! शरीरानं गेलं, पण विंडोजच्या नोंदवहीत त्याचं नाव आणि पत्ता तसेच राहिले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपवलेली उपकरणं दाखवा म्हटलं की अशी गेलेली कार्डं फिकट रंगात दिसतात. जुन्या विंडोजमध्ये त्याआधी कमांड प्रॉम्प्टवर एक खास बदल करून तिथूनच डिव्हाइस मॅनेजर उघडावं लागतं. ते फिकट कार्ड अनइन्स्टॉल केलं, नव्याला पत्ता दिला, काउंटर सुरू झाले. खऱ्या संगणकाची व्हीएम बनवणाऱ्या प्रत्येकाला हे भूत एकदा तरी भेटतं.

एक गोष्ट मी त्या मालकांना तेव्हाच सांगितली. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबणार होते, एक्सपीचे तर ८ एप्रिल २०१४ लाच थांबले. असली जुनी मशीन ब्रिज्ड करून गल्लीत दार उघडणं म्हणजे चोराला चहाचं आमंत्रण. शक्य असेल तिथं तिला होस्ट-ओन्लीवर ठेवायचं आणि बाकीच्यांना होस्टमार्फत हवी तेवढीच वाट द्यायची. शिरोलीत, कागलला, उद्यमनगरात जुन्या मोजणी यंत्रांची सॉफ्टवेअरं अशाच व्हीएममध्ये जपलेली मी बघतो, आणि निम्म्यांना इंटरनेटची गरजच नसते.

किरकोळ, पण डोकेदुखीचं

हायपर-व्हीचा 'डिफॉल्ट स्विच' विंडोज १० च्या २०१७ च्या आवृत्तीपासून आयता मिळतो, पण होस्ट पुन्हा सुरू केला की त्याची पत्त्यांची मालिका बदलू शकते. गेस्टला हातानं पत्ता दिला असेल तर काल चालणारी व्हीएम आज गप्प. तिथं आपोआप पत्ताच ठेवा. केव्हीएमवर 'डिफॉल्ट' नावाचं नेटवर्क सुरूच नाही, असं वरचेवर होतं. ते सुरू करा आणि दर वेळी आपोआप सुरू होईल असंही सांगून ठेवा.

पिंग जातो, साध्या साइट उघडतात, पण मोठं पान अर्ध्यात लटकतं आणि व्हीपीएन चालू आहे? मग पाकिटाचा आकार तपासा. इथरनेटवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात, व्हीपीएन त्यातली थोडी जागा स्वतःच्या वेष्टनाला घेतं. 'तोडू नका' अशी अट घालून १४७२ बाइटचा पिंग पाठवा. त्यात २८ बाइटची शीर्षकं मिळवली की बरोबर १५०० होतात. तो जात नसेल आणि १४०० चा जात असेल तर गेस्टच्या कार्डाचा एमटीयू, म्हणजे पाकिटाच्या आकाराची मर्यादा, कमी करा.

व्हीएम झोपवून ठेवली आणि चार दिवसांनी उठवली तर तिचं घड्याळ कधी कधी मागं असतं. मग सुरक्षित साइट प्रमाणपत्राची चूक दाखवतात आणि माणूस म्हणतो नेट नाही. तसंच फॅक्टरीतल्या नेटवर्कवर झोपवलेली मशीन घरी उठवली की ती फॅक्टरीचाच पत्ता धरून बसलेली असू शकते. कार्ड एकदा बंद करून चालू करा.

केव्हीएमवर विंडोज चढवताना नेटवर्क कार्डच दिसत नसेल तर त्या कार्डाचा प्रकार व्हर्टआयओ आहे. विंडोजसोबत त्याचा ड्रायव्हर येत नाही, तो वेगळा घालावा लागतो. तोवर इ१००० निवडून काम भागवता येतं.

आणि काहीही करा, एका वेळी एकच बदल करा. नॅटचं ब्रिज्ड केलं, फायरवॉल बंद केली, पत्ता हातानं भरला, आणि मग चालू झालं, तर यातलं कशानं चालू झालं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. फायरवॉल मात्र कायमची बंद राहील.

तर तो गोकुळ शिरगावचा पोरगा. त्याला शॉपमधल्या मशीनवरचे आकडे दाखवणारं एक छोटं वेबपान व्हीएमवर चालवायचं होतं, जे सुपरवायझर काकांच्या पीसीवर दिसेल. पत्ता विचारला. १०.०.२.१५. नॅट. होस्ट केबलवर होता, तेव्हा ब्रिज्ड करायला सांगितलं, यादीतून केबलचंच कार्ड निवडायला लावलं. नवा पत्ता आला, १९२.१६८.१.४३. काकांच्या पीसीवरून पिंग गेला. वेबपान तरी उघडेना.

"आता काय ओ सर?"

"पान कुठल्या पोर्टवर आहे?"

"८०८०."

"व्हीएममध्ये ऐकणारी पोर्टं दाखवायला सांग. ८०८० च्या पुढं पत्ता काय लिहिलाय?"

"१२७.०.०.१."

तिथं होतं ते. १२७.०.०.१ म्हणजे स्वतःच स्वतःशी. त्याचा प्रोग्रॅम फक्त व्हीएमच्या आतूनच आलेली हाक ऐकत होता, बाहेरच्यांना त्याचे कान बंद. सेटिंगमध्ये तिथं ०.०.०.० लिहायला सांगितलं, म्हणजे सगळ्या कार्डांवर ऐक. प्रोग्रॅम बंद करून चालू केला. उबुंटूची फायरवॉल त्यानं चालूच केलेली नव्हती, नाहीतर ८०८० ला तिथंही वाट द्यावी लागली असती.

"आलं! काकांना दिसतंय."

फोन ठेवण्याआधी त्याला राउटर उघडायला लावला. ०८:००:२७ ने सुरू होणारा मॅक शोधून त्याला १९२.१६८.१.५० हा पत्ता कायमचा बांधून घेतला, व्हीएम पुन्हा सुरू केली आणि काकांच्या पीसीवरचा बुकमार्क बदलला. नाहीतर पुढच्या वेळी शॉपची लाइट जाऊन आल्यावर व्हीएमला नवा पत्ता मिळाला असता, आणि त्यानं ती चौथ्यांदा टाकली असती.